व्याख्यांच्या पानावरचा समुद्र

पाच आठवडे झाले, माझ्या टेबलावर एक शब्दसूची आहे. सागरी उद्यानांविषयीचे निरनिराळ्या देशांचे कायदे, आंतरराष्ट्रीय करार आणि नियम यांत येणाऱ्या संज्ञा, प्रत्येकीचा कायद्यातला अर्थ आणि तिला मराठीत काय म्हणायचं, असं हे काम आहे. एकूण १४० नोंदी आहेत आणि उद्या ती परत पाठवायची आहे. बावीस वर्षं मी करारनामे, मृत्युपत्रं, निवाडे मराठीत आणतेय, पण समुद्र टेबलावर पहिल्यांदाच आला. तो आल्यापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही, म्हणून हे लिहितेय.

मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांची एक शिस्त होती. व्याख्यांचं कलम दोनदा वाचायचं. एकदा सगळ्यात आधी, आणि एकदा अख्खा कायदा वाचून झाल्यावर. पहिल्या वाचनात ते कलम कोरडं वाटतं. दुसऱ्या वाचनात कळतं की बंदी, परवाना, दंड यांचं पुढच्या पानांवरचं सगळं बळ तिथूनच आलेलं आहे. सागरी उद्यानांच्या बाबतीत तर मी म्हणेन की मासा वाचतो की नाही याचा निम्मा निकाल व्याख्यांच्या पानावर लागतो. समुद्रात कुंपण घालता येत नाही. पाण्यावर रेघ ओढता येत नाही. शब्द तेवढे ओढता येतात.

पहिल्याच दिवशी मी अडखळले ती ‘टेक’ या चार अक्षरी इंग्रजी क्रियापदावर. पेन्सिलीनं लिहिलं, ‘पकडणे’. मग अमेरिकेचा १९७२ चा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा उघडला. तिथे ‘टेक’ म्हणजे सतावणे, शिकार करणे, पकडणे किंवा ठार मारणे, अथवा यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे. पुढच्याच वर्षीच्या, १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात तर दहा क्रियापदं आहेत: सतावणे, हानी पोहोचवणे, पाठलाग करणे, शिकार करणे, गोळी घालणे, जखमी करणे, ठार मारणे, सापळ्यात अडकवणे, ताब्यात घेणे, गोळा करणे. आणि वर पुन्हा ‘असा प्रयत्न करणे’. माझ्या ‘पकडणे’त यातलं जेमतेम एक-दोन मावत होतं.

त्यातलं ‘सतावणे’ मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९९४ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यात त्याचे दोन स्तर केले गेले. पहिल्या स्तरात प्राण्याला इजा होण्याची शक्यता असते. दुसऱ्यात इजा नसते, पण त्याच्या वागण्याचा क्रम मोडण्याची शक्यता असते, आणि हे वागणं कोणतं ते कायद्यानं नाव घेऊन सांगितलंय: स्थलांतर, श्वास घेणं, पिल्लाला पाजणं, प्रजनन, खाणं, आसरा घेणं. एक देवमाशीण पिल्लाला पाजतेय. दोन बोटी फोटोसाठी जवळ येतात. ती खोल बुडी मारते, पिल्लू दुधावाचून राहतं. रक्ताचा थेंब नाही, जाळं नाही, गळ नाही. तरी या व्याख्येनं तो ‘टेक’ झाला. ही व्याख्या लिहिणाऱ्याला प्राण्याचं जगणं म्हणजे नुसता त्याचा जीव नव्हे हे समजलेलं होतं. असं कलम वाचताना मला खरोखर हात जोडावेसे वाटतात.

याच शब्दातून ‘नो-टेक झोन’ येतो. मराठी लेखांत त्याला सर्रास ‘मासेमारीबंदी क्षेत्र’ म्हटलेलं दिसतं, आणि मी या शब्दाशी भांडायला तयार आहे. ‘मासेमारीबंदी’ म्हटलं की शिंपले वेचणारा सुटला. प्रवाळाचा तुकडा तोडून खिशात घालणारा सुटला. मत्स्यालयांसाठी रंगीत जिवंत मासे गोळा करणारा म्हणेल, मी काही मासेमारी करत नाही. मूळ संज्ञेला तिथून काहीही काढून न्यायचंच नाही असं म्हणायचं असतं. मी ‘निष्कासनबंदी’ लिहून पाहिलं, पण तो शब्द बोटीवर कुणी उच्चारणार नाही. शेवटी ‘काहीही न घेण्याचं क्षेत्र’ असं लिहिलं. लांब आहे, पण तिथे गेलेल्या माणसाला काय करायचं नाही ते त्यातून समजतं.

मासा म्हणजे काय, ही नोंद किरकोळ असेल असं मी धरून चालले होते. अमेरिकेच्या सागरी मत्स्यव्यवसायाच्या मुख्य कायद्यात, तो मूळचा १९७६ चा, ‘मासा’ म्हणजे परांचे मासे, मृदुकाय प्राणी, कवचधारी प्राणी आणि सागरी सस्तन व पक्षी वगळता बाकी सर्व सागरी प्राणी व वनस्पती. म्हणजे त्या कायद्यापुरतं समुद्री शेवाळही मासा आहे, समुद्रकाकडीही आणि प्रवाळही. प्रत्येक जीवाचं नाव घालत बसलं तर यादी कधी संपणार नाही, आणि यादीत न आलेला जीव उघडा पडेल. म्हणून एक शब्द घेतला आणि त्याची झोळी मोठी केली. ‘मासेमारी’चंही तसंच. प्रत्यक्ष पकडणं तर आलंच, पकडण्याचा प्रयत्न आला, ज्यातून मासे पकडले जातील असं वाजवीपणे म्हणता येईल अशी कृती आली, आणि या सगळ्याला समुद्रावर पाठबळ देणारं कामही आलं. इंधन पुरवणारं जहाज म्हणू शकत नाही की माझ्याकडे जाळं कुठेय.

या झोळीत किती मावतं याचं टोक २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात दिसलं. तिथल्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यात पक्षी, सस्तन, मासे, उभयचर, सरपटणारे प्राणी आणि वनस्पती आहेत, कीटकांचं नाव नाही. पण त्या राज्याच्या मत्स्य व वन्यजीव संहितेत ‘मासा’ या शब्दाच्या व्याख्येत अपृष्ठवंशीय प्राणी येतात, आणि ते पाण्यातलेच हवेत असं तिथे म्हटलेलं नाही. अपील न्यायालयानं त्या आधारावर भुंगेमाश्यांच्या (बंबलबी) चार जातींना ‘मासा’ म्हणून संरक्षण मिळू शकतं असा निर्णय दिला. बातमी पसरली तेव्हा लोक हसले. मला हसू आलं नाही. कीटकांना जागा देणारं नवं कलम लिहिलं जाईपर्यंत त्या माश्या थांबू शकल्या नसत्या, आणि न्यायालयानं लिहिलेला शब्द लिहिल्याप्रमाणे वाचला.

इथेच ‘म्हणजे’ आणि ‘समावेश होतो’ यांतला फरक सांगायला हवा, कारण अनुवादात सर्वाधिक चुका इथे होतात. कायद्याच्या मराठीत एक साचा आहे: ‘याचा अर्थ, … असा आहे’. दुसरा: ‘यामध्ये, … याचा समावेश होतो’. पहिल्यानं दार बंद होतं, सांगितलं तेवढंच. दुसऱ्यानं दार उघडं राहतं, सांगितलं ते तर आहेच, शिवाय शब्दाचा रोजचा अर्थही आहे. सागरी उद्यानाच्या कायद्यात एका ठिकाणी पहिल्याऐवजी दुसरा साचा पडला तर कधी एखादी अख्खी मासेमारीची पद्धत बंदीत येते किंवा बंदीतून निसटते. मी स्वतः एका जुन्या कामात ही गफलत केली होती. विषय भाडेकराराचा होता, दुरुस्ती वेळेत झाली, तरी तो दिवस मला अजून आठवतो. तेव्हापासून हे दोन साचे मी वेगळ्या शाईनं खुणावते.

भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘जमीन’ या शब्दाची व्याख्या ‘समावेश होतो’ या साच्यातली आहे. जमिनीत कालवे, खाड्या, इतर जलमार्ग, जलाशय, नद्या, ओढे, सरोवरं येतात, ती नैसर्गिक असोत की कृत्रिम. नंतर पाणथळ जागा आल्या, दलदली आल्या, खडक आणि शिळाही आल्या. या यादीत समुद्र शोधत मी ते कलम तीनदा वाचलं. खाडीपर्यंत येऊन यादी थांबते. कायदा मुळात जंगल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला, आणि समुद्राला त्यात घेण्यासाठी १९९१ च्या दुरुस्तीत ‘राज्यक्षेत्रीय जलक्षेत्र’ ही संज्ञा वेगळी आणावी लागली. तिच्याबरोबर आलेल्या दोन अटी मला फार मोलाच्या वाटतात. समुद्राचा भाग अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात घ्यायचा तर त्याची हद्द केंद्र सरकारच्या मुख्य नौदल जलमापनतज्ज्ञांशी विचारविनिमय करून ठरवायची. आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायविषयक हितसंबंधांच्या रक्षणासाठी पुरेसे उपाय आधी योजायचे. एकीकडे नकाशा जाणणारा, दुसरीकडे पाणी जाणणारा, हे दोघेही कायद्याच्या मजकुरात आहेत.

हाच ‘जमीन’ शब्द अमेरिकेतही आडवा आला. तिथे १९०६ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या ‘जमिनी’वर राष्ट्रीय स्मारक, म्हणजे संरक्षित जागा, घोषित करू शकतात. २०१६ मध्ये अटलांटिकमधल्या खोल दऱ्या आणि समुद्रपर्वत यांचं असं स्मारक झालं. शेवंडं (लॉब्स्टर) पकडणाऱ्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या: समुद्र म्हणजे जमीन कशी? त्यांचं म्हणणं मान्य झालं नाही, समुद्रतळही ‘जमीन’ ठरला. पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार देताना सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी वेगळं टिपण लिहून त्याच कायद्यातल्या दुसऱ्या शब्दांकडे बोट दाखवलं. संरक्षणासाठी लागेल तेवढंच ‘कमीत कमी क्षेत्र’ घ्यावं, असं कायदा म्हणतो. हजारो चौरस मैलांच्या समुद्राला ‘कमीत कमी’ कसं म्हणायचं? मला हा प्रश्न रास्त वाटतो आणि त्याचं उत्तरही आहे असं वाटतं. खोल पाण्यातलं प्रवाळ एका जागी असतं, पण त्याचं खाणं आणि त्याच्या अळ्या प्रवाहाबरोबर येतात-जातात. कमीत कमी किती, हे मोजताना तो प्रवाह मोजावा लागेल.

आता हद्दीकडे येते. या भागानं माझे दोन आठवडे घेतले.

समुद्र कायद्याविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८२ चा. त्यानुसार किनाऱ्यापासूनची सगळी मापं आधाररेषेपासून मोजायची: १२ सागरी मैलांपर्यंत राज्यक्षेत्रीय समुद्र, २०० मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. सागरी मैल १,८५२ मीटरचा. आणि नेहमीची आधाररेषा म्हणजे किनाऱ्यालगतची ओहोटीची पाणरेषा, त्या देशानं अधिकृत मानलेल्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर दाखवलेली. मी लिहिलं, ‘ओहोटीची रेषा’, आणि पुढच्या नोंदीकडे वळले. मग वाटलं, ओहोटी कोणती? आपल्याच भाषेत उधाण आहे आणि भांग आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या सुमाराला थोडंच हलतं. उधाणाच्या ओहोटीत उघडी पडणारी जमीन भांगाच्या ओहोटीत पाण्याखालीच राहते. किनारा सपाट असेल तर या दोन रेषांमध्ये शेकडो मीटरचं अंतर पडू शकतं, आणि शिंपल्या, खेकडे, समुद्रगवत, पक्ष्यांचं खाणं सगळं नेमकं त्याच पट्ट्यात असतं.

जलमापनाच्या कामातून निवृत्त झालेले एक परिचित आहेत. त्यांना फोन केला. ते म्हणाले, “ताई, नकाशावरचं शून्य कुठलं ते आधी विचारा.” मग तासभर त्यांनी मला शिकवलं. काही देशांच्या नकाशांचं शून्य म्हणजे खगोलीय गणितानं येणारी सर्वांत खालची ओहोटी, काहींचं म्हणजे ठरावीक काळातल्या ओहोटींची सरासरी. चंद्राच्या कक्षेच्या पातबिंदूंचं एक आवर्तन १८.६ वर्षांचं असतं, म्हणून सरासरी काढायची तर तेवढ्या काळाची काढावी लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भरतीच्या सरासरी रेषेबद्दल १९३५ मध्ये हेच सांगितलं होतं. माझ्या नोंदीत आता ‘ओहोटीची रेषा’ नाही. ‘ओहोटीची पाणरेषा (त्या त्या नकाशाच्या शून्यपातळीनुसार)’ असं आहे. कंसाबद्दल कुणी नाराज होईल, पण तो मी काढणार नाही.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचं उदाहरण या संदर्भात शिकण्यासारखं आहे. तिथला केंद्राचा कायदा १९७५ चा, उद्यानाचं क्षेत्र सुमारे ३,४४,४०० चौरस किलोमीटर. पण हे केंद्राचं उद्यान ओहोटीच्या रेषेपाशी सुरू होतं. भरती आणि ओहोटीच्या मधला पट्टा क्वीन्सलँड राज्याच्या सागरी उद्यानात येतो. एकाच किनाऱ्यावर चिखलातून चालत पाण्यात शिरणारा माणूस एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जातो. हे लोकांना कळावं म्हणून दोन्हींचे विभाग आणि नियम एकमेकांशी जुळवून घेतलेले आहेत. उद्यानाला खोली आणि उंचीही आहे. तळाखाली १,००० मीटरपर्यंत आणि पाण्याच्या वर ९१५ मीटरपर्यंतचं आकाश उद्यानातच मोडतं. मी उद्यान म्हणजे नकाशावरचा रंगीत तुकडा समजत होते. ते खरं तर एक ठोकळा आहे, आणि बेटावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवरून खाली उडणारं हेलिकॉप्टरही त्या ठोकळ्यात येतं.

जुलै २००४ मध्ये लागू झालेल्या तिथल्या विभागणी आराखड्यानं काहीही न घेण्याचं क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होतं ते तेहतीस टक्क्यांच्या वर नेलं. याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला भावतं ते त्यातल्या व्याख्यांचं साधेपण. पिवळ्या विभागात ‘मर्यादित गळमासेमारी’ चालते, आणि मर्यादित म्हणजे काय तर माणशी एक दोरी आणि एक गळ. ‘वाजवी प्रमाणात’ नाही, ‘पर्यावरणास बाधा येणार नाही अशा रीतीने’ नाही. एक दोरी, एक गळ. ओल्या हातांनी बोटीत बसलेल्या माणसाला ही व्याख्या समजते आणि गस्तीवरच्या अधिकाऱ्याला ती मोजता येते. हिरव्या, म्हणजे काहीही न घेण्याच्या, विभागातून जायला मुभा आहे, पण मासेमारीची साधनं आवरून बोटीत ठेवलेली हवीत. सीमाही शक्य तिथे सरळ रेषांत, अक्षांश-रेखांशांनी दिलेल्या. पूर्वी ‘खडकाच्या कडेपासून इतकं अंतर’ असं असायचं, आणि पाण्याखालची कड बोटीतून दिसत नाही. कायद्याची मराठी घडवणाऱ्या सगळ्यांनी हा आराखडा वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण आपण अजून ‘यथोचित’ आणि ‘आवश्यक त्या’ यांतून बाहेर यायला तयार नसतो.

उलट टोकाचं उदाहरण शेवंडाचं. भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्याखाली पुढे पसरलेल्या भूखंडाच्या तळावर, किनारी देशाचा हक्क असतो आणि त्यात तळाशी जखडलेले जीवही येतात. असे जीव कोणते? १९५८ च्या जिनिव्हा करारात लिहिलेली व्याख्या १९८२ च्या करारातही जवळजवळ तशीच आहे: पकडण्याजोग्या अवस्थेत जे समुद्रतळावर किंवा तळाखाली स्थिर असतात, किंवा तळाशी सतत अंगानं टेकल्याशिवाय हलू शकत नाहीत असे जीव. ‘पकडण्याजोग्या अवस्थेत’ हे शब्द कुण्या जाणत्यानं घातलेत. कालवं लहानपणी अळीच्या रूपात कित्येक दिवस पाण्यात तरंगत फिरतात, मोठेपणी चिकटून बसतात. तेव्हा वय ठरवणं भागच होतं.

पण शेवंड? १९६१ पासून फ्रान्सच्या बोटी ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्याबाहेर शेवंडं पकडायला येऊ लागल्या. ब्राझीलचं म्हणणं, शेवंड तळावर चालते, म्हणून ती आमच्या तळाची. फ्रान्सचं म्हणणं, ती उसळी मारून पोहते, तेव्हा तळ सुटतो, म्हणून ती मासा, आणि खुल्या समुद्रातला मासा सगळ्यांचा. ब्राझीलच्या नौदलातल्या एका समुद्रतज्ज्ञानं उत्तर दिलं, उडी मारली म्हणून शेवंड मासा होत असेल, तर उडी मारणारा कांगारू पक्षी म्हणावा लागेल. १९६३ मध्ये दोन्ही देशांच्या युद्धनौका निघाल्या. गोळी झाडली गेली नाही, पुढच्या वर्षी समझोता झाला. व्याख्येतला ‘सतत’ हा एक शब्द, आणि त्यावर दोन नौदलं. सागरी उद्यानाच्या आराखड्यात कुणी ‘तळाशी निगडित प्रजाती’ असं ढोबळ लिहितं तेव्हा मला ही गोष्ट आठवते.

प्रदूषणाची व्याख्या मात्र १९८२ च्या करारात सुरेख आहे. माणसानं सागरी पर्यावरणात थेट किंवा आडवळणानं ‘पदार्थ किंवा ऊर्जा’ सोडणं, ज्यातून हानी होते किंवा होण्याचा संभव असतो. ‘ऊर्जा’ हा शब्द १९८२ मध्ये तिथे होता म्हणून आज जहाजांच्या इंजिनांचा आणि समुद्रतळ तपासायला केलेल्या स्फोटांचा आवाज, वीज प्रकल्पांतून सोडलेलं गरम पाणी, हे सगळं प्रदूषण म्हणून मांडता येतं. शब्द लिहिताना पुढचं दिसत नसतं, पण त्याला जागा ठेवता येते.

त्याच कलमात ‘समुद्रात टाकणे’ याची व्याख्या आहे आणि तिला एक अपवाद आहे: निव्वळ विल्हेवाट लावणं सोडून दुसऱ्या हेतूनं काही ठेवलं, आणि ते कराराच्या उद्दिष्टांविरुद्ध नसलं, तर ते ‘टाकणे’ नव्हे. कृत्रिम खडक या अपवादात बसतो. तो चांगला बांधता येतो हे खरं. पण त्याआधी, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलजवळ माशांना घर म्हणून सुमारे वीस लाख टायर समुद्रात सोडले होते. त्यांना बांधणारे पट्टे गंजले, टायर सुटले आणि वादळांत जवळच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आदळू लागले. ते बाहेर काढण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. टाकणाऱ्याचा हेतू काय, यावर व्याख्या उभी राहिली की असंच होतं. वस्तू काय आहे आणि पाण्यात तिचं पुढे काय होणार, हे त्या व्याख्येत असायला हवं, असं माझं स्पष्ट मत झालंय.

बुडालेल्या जहाजांची नोंद लगेच झाली. युनेस्कोच्या २००१ च्या कराराप्रमाणे मानवी अस्तित्वाच्या खुणा निदान १०० वर्षं पाण्याखाली असल्या तर तो वारसा. टायटॅनिक २०१२ मध्ये त्यात आलं.

राहिली सगळ्यात मोठी नोंद, जी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती: ‘संरक्षित क्षेत्र’. १९९२ च्या जैवविविधता करारातलं वाक्य पाहा. भौगोलिकदृष्ट्या निश्चित असं क्षेत्र, जे विशिष्ट संवर्धन उद्दिष्टांसाठी ‘निर्देशित किंवा विनियमित आणि व्यवस्थापित’ आहे. हे दोन प्रकारे वाचता येतं. एक, क्षेत्र निर्देशित तरी हवं, नाही तर विनियमित-आणि-व्यवस्थापित. म्हणजे राजपत्रात नाव आलं की झालं. दोन, निर्देशित किंवा विनियमित काहीही असो, व्यवस्थापित असायलाच हवं. मग तिथे माणसं हवीत, गस्तीची बोट हवी, पैसा हवा. ‘किंवा’ आणि ‘आणि’ यांच्यामध्ये स्वल्पविराम कुठे पडतो यावर कागदावरचं उद्यान आणि पाण्यातलं उद्यान यांचं अंतर ठरतं. मूळ वाक्यात स्वल्पविराम नाही. मी मराठीतही घातला नाही. मला दुसरंच वाचन बरोबर वाटतं, पण अनुवादकानं न्यायाधीश व्हायचं नसतं.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं, आययूसीएननं, २००८ च्या व्याख्येत ही पळवाट ठेवली नाही. क्षेत्र मान्यताप्राप्त, समर्पित ‘आणि’ व्यवस्थापित हवं, आणि हेतू निसर्गाचं दीर्घकालीन संवर्धन. २०२२ च्या डिसेंबरात २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र सांभाळायचं जगानं ठरवलं, तेव्हापासून या व्याख्यांना टक्क्यांचं वजन आलंय. व्याख्या सैल केली की टक्के वाढतात, मासे नाही. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी म्हणूनच पूर्ण, उच्च, हलकं आणि किमान अशा संरक्षणाच्या चार पायऱ्या मांडल्या. एखादं उद्यान नुसतं जाहीर झालंय की प्रत्यक्ष चाललंय हेही त्यांनी वेगळं धरलं. माझ्या सूचीत या चारही पायऱ्या आहेत.

आणि ‘दीर्घकालीन’. हा शब्द आययूसीएनच्या व्याख्येत आहे, २०२३ च्या खुल्या समुद्राविषयीच्या करारातही आहे. अंटार्क्टिकातल्या रॉस समुद्राचं संरक्षित क्षेत्र डिसेंबर २०१७ पासून लागू झालं, सुमारे १५.५ लाख चौरस किलोमीटर, आणि त्याची मुदत ३५ वर्षं. मुदत संपताना ते पुढे चालू ठेवायचं तर तिथला कारभार पाहणाऱ्या आयोगाच्या सगळ्या सदस्य देशांचं एकमत लागेल. तिथला अंटार्क्टिक टूथफिश पन्नाशीच्या आसपास जगू शकतो. आययूसीएनच्या मार्गदर्शिकेनुसार ‘दीर्घकालीन’ म्हणजे कायमचं, तात्पुरता उपाय नव्हे. काही देशांना ३५ वर्षं पुरेशी दीर्घ वाटली. २०१७ साली अंड्यातून निघालेला मासा २०५२ मध्ये अंडी घालत असेल.

आज रात्री ती शेवटची नोंद भरली. ‘लाँग-टर्म: दीर्घकालीन’ एवढंच लिहून पुढे जाता आलं असतं. मी समासात पेन्सिलीनं टीप लिहिली आहे, ‘वर्षे किती, ते मूळ मजकुरात तपासावे, कोणत्या जीवाच्या आयुष्याशी तुलना करायची तेही.’ संपादक दुसरा भाग खोडतील असं वाटतंय. पहिला तरी राहू द्या म्हणून त्यांना सकाळी फोन करणार आहे.